कच्च्या वहीचे काय करायचे? शाळेतील तंत्रज्ञान आणि मुलांची निर्मिती

उपवनकाठ (धागाकर्ती)

ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवीच्या मुलांना मराठी शिकवते. शाळेत तंत्रज्ञान असावे की नसावे या वादात मी पडणार नाही, कारण ते आलेले आहे आणि त्याचा लाभ मीही रोज घेते. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांच्या प्रयत्नांतून पाठ्यपुस्तकांत रुजलेले क्यूआर कोड, वर्गातील प्रोजेक्टर, पालकांचा व्हॉट्सॲप गट यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. मला चिंता वाटते ती मुलांच्या कच्च्या वहीची.

ज्यांना शाळा सोडून बराच काळ लोटला आहे त्यांच्यासाठी सांगते. गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून, ती एकत्र शिवून ही वही केली जाई. तिच्यात गुणाकार, शेजारी बसणाऱ्याशी चाललेला लेखी संवाद, फुली-गोळ्याचे डाव आणि निबंधाचा पहिला खर्डा हे सारे एकत्र नांदत असे. ती कोणी तपासत नसे, आणि तपासत नसल्यामुळेच मूल तिच्यात निर्धास्तपणे चुकू शके. मुलाची खरी निर्मिती या वहीत होते आणि पक्क्या वहीत आपल्याला दिसते ती तिची सुवाच्य नक्कल असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या साधनाबाबत मी एवढेच पाहते की ते मुलाला कच्चे काम करू देते, की त्याच्या हातून ते काढून घेते.

यंदा मी वर्गाला 'कळवा पुलाचे मनोगत' असा विषय दिला. खाडीवरचा हा पूल वर्गातील पुष्कळ मुले रोज ओलांडतात, त्यामुळे विषय अनोळखी असल्याची सबब कोणालाही नव्हती. तरीही घरून लिहून आलेल्या निबंधांपैकी बहुतेक एकाच साच्यातून निघाल्यासारखे होते. पूल 'अनेक पिढ्यांचा मूक साक्षीदार' होता, 'ऊन, वारा, पाऊस झेलत' त्याने 'माणसे जोडण्याचे व्रत' घेतले होते, आणि शेवटच्या परिच्छेदात तो सर्वांना स्वच्छतेचा संदेश देत होता. शुद्धलेखनाच्या चुका जवळजवळ नव्हत्या. मुलांनी मोकळेपणाने सांगितले की फोनवरील कृत्रिम बुद्धिमत्तेला विषय सांगितला आणि आलेला मजकूर उतरवून घेतला.

मला मुलांचा राग आला नाही. गाईडमधून निबंध उतरवणाऱ्या अनेक तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत, तेव्हा उतरवणे ही काही या पिढीची देणगी नाही. फरक इतकाच की गाईडमध्ये कळवा पूल सापडत नसे. असा जवळचा, घराशेजारचा विषय दिला की मुलाला स्वतःच्या डोळ्यांकडे वळावेच लागे, आणि शिक्षकाच्या हातातील हा एक हुकमी उपाय होता. आता तो चालत नाही, कारण यंत्र कोणत्याही पुलाविषयी, तो न पाहता, चार नीटनेटके परिच्छेद लिहून देते.

त्याच गठ्ठ्यात कळव्यात राहणाऱ्या एका मुलाचा, स्वतःच्या हाताने लिहिलेला पण बेताचाच निबंध होता. मी त्याची कच्ची वही मागितली. तिच्यात दोन वाक्ये खोडलेली होती. एकात ओहोटीच्या वेळी पुलाखालच्या चिखलात निवट्या नावाचे मासे सरपटतात आणि पूल त्यांच्याकडे वाकून बघत बसतो, असे होते. दुसऱ्यात, मोठा ट्रक गेला की पूल थरथरतो तो भीतीने की थंडीने, हे त्याला एकदा विचारायला हवे, असे होते. ही वाक्ये का खोडलीस असे विचारल्यावर तो म्हणाला, "बाई, ते निबंधात शोभत नाही." गुण नेहमी पक्क्या वहीलाच मिळतात आणि पक्क्या वहीत काय शोभते हे मुलांना लवकर कळते, म्हणून त्याने वर्गातील सर्वांत जिवंत वाक्ये काढून टाकली होती. तरी या मुलाकडे खोडण्यासाठी काहीतरी होते. ज्यांनी थेट तयार मजकूर उतरवला, त्यांच्या निवट्या कागदावर आल्याच नाहीत, आणि त्या त्यांनी कधी पाहिल्या होत्या की नाही हे मला कोणत्याही मार्गाने कळणार नाही.

ही केवळ माझ्या वर्गातील गोष्ट असती तर मी धागा काढला नसता. २०२४ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी सुमारे ३०० जणांना अगदी छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या. काहींना कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कल्पना घेण्याची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांनी यंत्राच्या कल्पना घेतल्या त्यांच्या गोष्टी परीक्षकांना अधिक चांगल्या आणि अधिक नव्या वाटल्या, विशेषतः ज्यांची स्वतःची सर्जनशीलता कमी होती अशा लेखकांच्या बाबतीत. मात्र त्या गोष्टी एकमेकींशी अधिक मिळत्याजुळत्या होत्या. म्हणजे प्रत्येक लेखकाचा एकेकट्याने फायदा झाला आणि सर्वांचे मिळून वैविध्य घटले. पालकासमोर आपल्या मुलाचा एकच निबंध असतो, त्यामुळे त्याला सुधारणा दिसते. शिक्षकासमोर पूर्ण वर्गाचा गठ्ठा असतो, त्यामुळे त्याला साचा दिसतो. दोघेही खरे सांगत असतात. पालकसभेत आमचे आणि पालकांचे एकमेकांना न पटण्याचे मोठे कारण मला हेच वाटते.

येथे शिक्षक आहेत, पालक आहेत, तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणारे आहेत. आपल्या घरात आणि कामात मुलांच्या, किंवा स्वतःच्या, कच्च्या कामाचे काय झाले आहे, हे जाणून घ्यायला आवडेल.

पारसिक

उपवनकाठ ताई, लेख मनापासून आवडला, तरीही एक आक्षेप नोंदवतो. मी ऐरोलीत सॉफ्टवेअरचे काम करतो आणि माझी मुलगी आठवीतच आहे. आमच्या कार्यालयात आता प्रोग्रॅमचा पहिला खर्डा बहुतेक वेळा यंत्रच लिहिते. आम्ही तो वाचतो, त्यातील दोष शोधतो आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलतो. हे काम मला पूर्वीपेक्षा कमी सर्जनशील वाटत नाही, उलट कंटाळवाणा भाग गेल्यामुळे विचाराला अधिक वेळ मिळतो. माझ्या मुलीला ज्या जगात काम करायचे आहे तेथे कोरा कागद भरण्यापेक्षा समोर आलेला मजकूर पारखण्याचे कौशल्य अधिक लागेल. मग शाळेने तिला कोऱ्या कागदासमोर बसवण्याचा आग्रह का धरावा? शिवाय ती थेट पडद्यावर लिहिते. तिच्याकडे आपण म्हणता तशी वही नाही, पण ती विचार करत नाही असे मी म्हणणार नाही.

उपवनकाठ

पारसिक, आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. आपण यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम पारखू शकता, कारण कित्येक वर्षे आपण स्वतः चुकीचे प्रोग्रॅम लिहिले, ते का चालत नाहीत याचा रात्रीपर्यंत शोध घेतला, आणि त्यातून कोणत्या जागी घोटाळा होतो हे आपल्याला पाहताक्षणी कळू लागले. ती नजर आपण कच्च्या कामातून कमावली आहे. तेरा वर्षांच्या मुलीला ती नजर अजून मिळवायची आहे. 'मूक साक्षीदार' हे शब्द झिजलेले आहेत हे कळण्यासाठी आधी स्वतःचा शब्द शोधताना अडावे लागते. ज्याला कधी अडल्याचे आठवत नाही त्याला समोर आलेले सारेच छान वाटते. मुले मला अगदी प्रामाणिकपणे विचारतात, "बाई, यात बदलण्यासारखे काय आहे?"

पडद्यावर लिहिण्याविषयी माझा विरोध नाही. माझा आग्रह कागदाचा नसून माग राहण्याचा आहे. गूगल डॉक्समध्ये मजकुराच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय असते आणि तेथे कोणते वाक्य केव्हा बदलले हे पुन्हा पाहता येते. आपल्या मुलीबरोबर बसून तिच्याच एखाद्या निबंधाच्या जुन्या आवृत्त्या उघडून पाहा आणि हे वाक्य का काढलेस, एवढेच विचारा. तिच्या उत्तरात निबंधापेक्षा अधिक काही सापडेल असे मला वाटते.

त्रिज्या

मी नेरूळला नववी-दहावीला गणित शिकवतो. संगणकावरही उत्तम कच्चे काम होते, याचे आमच्या विषयातील उदाहरण देतो.

कोणत्याही चौकोनाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले की समांतरभुज चौकोन तयार होतो. मध्यबिंदूच्या प्रमेयावरून हे सिद्ध करता येते आणि मुले ते फळ्यावरून वहीत उतरवतात. मी हाच चौकोन जिओजेब्रामध्ये काढायला सांगतो. साल्झबर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये तयार केलेले हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यात शिरोबिंदू धरून हवा तिकडे ओढता येतो. फळ्यावर मी नेहमी बाहेर फुगलेलाच चौकोन काढतो. पडद्यावर मात्र एका मुलीने शिरोबिंदू आत ढकलला, मग आणखी ढकलून दोन बाजू एकमेकींना छेदतील असे केले, आणि तरीही आतला समांतरभुज चौकोन टिकून राहिलेला पाहून तिने मला बोलावले. "सर, याला तरी चौकोन म्हणायचे का?" असा तिचा प्रश्न होता. त्या प्रश्नावर आमचा पूर्ण तास गेला. कागदावर अशी वेडीवाकडी आकृती तिने काढलीच नसती, कारण ती 'चुकीची' दिसते. येथे चुकण्याला काही किंमत मोजावी लागत नव्हती.

१९६७ मध्ये सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तिच्यामागे हाच विचार होता. प्रोग्रॅम पहिल्या प्रयत्नात चालत नाही हे तेथे गृहीतच धरलेले असते, त्यामुळे चूक ही लाज वाटण्याची गोष्ट न राहता शोधण्याची गोष्ट होते. एमआयटीतून २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले स्क्रॅच हे त्याच घराण्यातील. तेथे दुसऱ्या मुलाचा खेळ आतून उघडून तो कसा रचला आहे हे पाहता येते. म्हणजे कच्ची वही सर्वांसाठी उघडी!

मात्र साधन चांगले असून भागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेच्या आधीच्या टप्प्यावर कोडिंग आणले आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना मांडली. त्याआधी २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या प्रयोगशाळेसाठी, शाळांना २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान मिळू लागले. मी पाहिलेल्या एका शाळेत त्या प्रयोगशाळेतील थ्रीडी प्रिंटर काचेआड आहे आणि पाहुणे आले की त्यावर आधीच छापून ठेवलेली वस्तू दाखवली जाते. तेथे मुलांना काही मोडण्याची परवानगी नाही. मग ते सारे पक्क्या वहीसारखेच होऊन बसते.

जाता जाता रामानुजन यांचे स्मरण होते. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणिते करीत, कोपराने पुसून टाकीत आणि वहीत केवळ निष्कर्ष लिहीत. त्या वह्यांतील निष्कर्षांच्या सिद्धता देण्याचे काम गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांनी केले आणि ते १९८५ ते १९९८ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाले. पाटीवर पुसले गेलेले काही अंशी तरी उरले असते, तर रामानुजन कसे विचार करत होते हे आपल्याला कळले असते. केवळ निष्कर्षांवरून ते कळत नाही.

करवंद

मी नौपाड्यातील निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना बसवण्यात माझे आयुष्य गेले. वस्तुचित्र, संकल्पचित्र हे विषय घोटून घेता येतात, परंतु स्मरणचित्रात मुलाने मनात काय साठवले आहे ते उघडे पडते. आजही मुलांच्या चित्रांत बैलगाडी, डोंगरांमधून उगवणारा सूर्य आणि नदी येते, जरी मूल घोडबंदर रस्त्यावरच्या विसाव्या मजल्यावर राहत असले तरी. हे इंटरनेटच्या आधीपासून आहे, त्यामुळे सारा दोष यंत्राला देता येणार नाही. तयार चित्र पाहून काढण्याची सवय आम्ही फार पूर्वीपासून पोसली.

खोडाखोडीच्या बाबतीत मला रवींद्रनाथ ठाकुरांची आठवण होते. कवितांच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी ते रेघांनी एकमेकींना जोडत, आणि त्यातून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी तयार होत. १९२४ मध्ये ते अर्जेंटिनात लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्याकडे मुक्कामाला होते, तेव्हा त्या वहीने ओकाम्पो यांचे लक्ष वेधून घेतले. पुढे १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते जवळजवळ सत्तरीचे होते. कवितेतून वगळलेल्या ओळींनी एक चित्रकार घडवला. आजच्या पडद्यावर ती ओळ एका बोटाने नाहीशी झाली असती, आणि तिच्या जागी काही उरलेच नसते.

म्हणून माझ्या वर्गात खोडरबराला मनाई होती. चुकलेली रेघ राहू द्यायची आणि तिच्याशेजारी दुसरी काढायची. मुले आरंभी फार कुरकुरत, परंतु पुढे त्यांची रेघ धीट होत असे. टॅबलेटवर चित्र काढणाऱ्या माझ्या नातवालाही मी मागे जाण्याचे बटण न वापरता एक चित्र पुरे करायला सांगतो.

वाशीगाव

मी शिक्षिका नाही. वाशी गावात राहते, आम्ही आगरी. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या घरात एकच फोन होता आणि दोन मुले शिकत होती. फोनची पाळी आली की लिहिलेल्या पानाचा फोटो काढून गटावर टाकायचा, एवढाच अभ्यास त्या काळात उरला होता. फोटो काढायचा म्हणून मुलगी एकच पान चार वेळा लिहून काढी, आणि अक्षर सुंदर दिसले की तेच पाठवी. ताईंनी लिहिलेले वाचून मला आज जाणवले की शिक्षकांना त्या काळात सगळ्यांची पक्की वहीच तेवढी दिसत होती.

परंतु त्याच फोनने एक चांगले कामही केले. माझ्या सासूबाई लग्नात धवले गातात. शाळा नसल्यामुळे मुलगी त्यांच्याजवळ बसून ते धवले फोनवर ध्वनिमुद्रित करू लागली आणि मग ऐकून ऐकून लिहू लागली. कित्येक शब्द तिला ठाऊक नव्हते. एकदा ऐकून एक शब्द लिही, दुसऱ्यांदा ऐकून खोडी, मग आजीला विचारून तिसराच लिही. आजीलाही काही शब्दांचा अर्थ सांगता येत नसे, ती म्हणे, "माझी आय असंच गायची." पुढे मुलीने बोललेले आपोआप लिहून देणारी सोय वापरून पाहिली, तर त्या सोयीने आगरी शब्दांच्या जागी पुस्तकातले मराठी शब्द घालून ठेवले आणि ओळींचा अर्थच बदलला. तेव्हा तिने पुन्हा हाताने लिहायला घेतले. ती वही आमच्याकडे आहे. तिच्यात खोडाखोड इतकी आहे की ती कोणत्याही बाईंना दाखवायला मुलगी तयार होत नाही.

पारसिक

वाशीगाव ताई, आपला प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. उपवनकाठ ताई, आपले म्हणणे मला पटत आहे, पण मी व्यवहाराचा माणूस असल्याने विचारतो. शाळेत जे गुणपत्रिकेत येत नाही त्याकडे मुले आणि आम्ही पालक लक्ष देत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. कच्च्या वहीला गुण कसे देणार? आणि दिले, तर ती कच्ची राहील का?

उपवनकाठ

आपल्या दोन्ही प्रश्नांशी मी या वर्षभर झगडत आहे, म्हणून जे करून पाहिले ते सांगते.

गुणांची सोय नियमांतच आहे. २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू आहे आणि आठवीला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनासाठी ४० तर संकलितसाठी, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेसाठी, ६० गुण असतात. आकारिकच्या साधनांत तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प यांच्याबरोबर स्वाध्याय आणि वर्गकार्य येते. मी लेखनाचा पहिला खर्डा वर्गातच, एका तासात, कच्च्या वहीत लिहून घेते. त्यानंतर घरी जाऊन मूल कोणतीही मदत घेऊ शकते, आई-वडिलांची, ग्रंथालयाची किंवा यंत्राची. अंतिम निबंध आणताना त्याने पहिल्या खर्ड्यातील काय ठेवले, काय बदलले आणि का, हे दोन-तीन ओळींत लिहायचे असते, आणि वर्गकार्याचे गुण मी या ओळींना देते. यंत्राचा मजकूर घेतला म्हणून गुण कापत नाही. एका मुलीने लिहिले होते की यंत्राने सुचवलेला शेवट तिने घेतला नाही, कारण तिच्या आजोबांनी पुलावरून जाताना कधीही उपदेश केला नव्हता. तिला मी पूर्ण गुण दिले.

आपला दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. गुण मिळतात असे कळताच काही मुलांनी कच्ची वहीसुद्धा सुबक अक्षरात लिहायला आणि समासात मुद्दाम एक-दोन शब्द खोडायला सुरुवात केली. काहींनी कच्च्या वहीसाठी आणखी एक कच्ची वही केली. यावर पक्का उपाय मला सापडलेला नाही. सध्या मी एवढेच करते की वही ताब्यात घेत नाही, तिच्यावर लाल शाई वापरत नाही, आणि मूल स्वतः उघडून दाखवील तेवढीच पाने पाहते.

वाशीगाव ताई, मुलीला सांगा की ती वही मला दाखवली नाही तरी चालेल. मात्र दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वर्गाला घरातील एकेक गाणे ऐकून उतरवण्याचा उपक्रम द्यावा असे आपला प्रतिसाद वाचल्यापासून मनात आहे. कळवा आणि खारीगावातील काही मुलांच्या घरीही धवले म्हटले जातात. शब्द अडले, तर मुलांनी तुमच्या सासूबाईंना फोन करून विचारले तर चालेल का?